नखांतली काजळी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे सांगताना आजही मान ताठ होते, आणि का होऊ नये? ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी दम्यावरच्या औषधांचं काम करायचे. गिनीपिगच्या श्वासनळीचा तुकडा कोमट द्रावणात टांगायचा आणि त्यात औषधाचे थेंब सोडायचे. नळी आवळली की फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ वर चढायची, सैल झाली की उतरायची.

आई माझी नखं बघून म्हणायची, “चुलीतून सुटावी म्हणून शिकवली, तर ही काजळी घेऊनच घरी येते!”

घाटकोपरच्या चाळीत बाबांचा दमा वाढत चालला होता. गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात आयुष्य गेलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलेला, तोंडाने औषध ओढायचा पंप देव्हाऱ्यामागे तसाच पडून. पंप एकदा लागला की सुटत नाही, असं चाळीत सगळेच म्हणत.

एका संध्याकाळी ते खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. एक वाक्य धड पुरं होईना. मी पंप पुढे केला.

“खरा सांग गो... सवय लागता?”

“डॉक्टरांनी सांगितलंय ना, बाबा, नाही लागत.”

“ते सगळ्यांकाच सांगतत. तू थय काय बघतंस... ता सांग.”

पंचाईत अशी, की मी तिथे नेमकं तेच बघत होते. पेशीवर रिसेप्टर असतात; औषध त्यांच्यावर बसलं की नळी सैल होते. पण तेच औषध पुन्हा पुन्हा दिलं, की ते पहिल्यासारखी दाद देत नाहीत. रेघ आधीइतकी उतरत नाही. नुसतं ‘नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग शिकले कशाला?

“सारखा ओढलात तर गुण कमी येतो. मी डोळ्यांनी बघते. पण दारूसारखं व्यसन नाही ते. आणि आत्ता घेतला नाहीत, तर जिवावर बेतेल.”

त्यांनी पंप हातात घेतला. “म्हणजे लागात तेवढोच घेवचो.”

“हां.”

“आधी दार लोट.”

पुढे ते गॅलरीत बसूनही घ्यायला लागले. शेजारच्या मावशींनी हटकलंच, “काय हो, तुम्हीपण पंपावर?”

“आमच्या चेडवाच्या हापिसातलो आसा,” बाबा माझ्याकडे बोट दाखवून ऐटीत म्हणाले.

पंप दुसऱ्याच कंपनीचा, नाक्यावरच्या केमिस्टकडून आणलेला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून नखं कोरत राहिले.