जेवू घालून सोडजो

बातमी आली तेव्हा मी पोरींवर ओरडत होते. वांग्याची भाजी बघून सातवी-आठवीच्या पोरींनी नाकं मुरडली होती आणि मेसच्या दारात उभी राहून माझा तोफखाना चालू होता, "घरी काय रोज पनीर खाता का गं?" तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या कांताबाई फोन तसाच कानाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मोठ्या बाई गेल्या." मी विचारलं, "कुठे गेल्या?" काय बाई विचारलं मी! कांताबाई तिथेच ओट्याला टेकून खाली बसल्या. समोरच्या पोरींपैकी एकीनंही मोठ्या बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. मॅडम बोलता बोलता गप्प झाल्या एवढंच त्या पोरींना कळलं, आणि त्यांनी मुकाट्यानं भाजी संपवली.

मोठ्या बाई म्हणजे सिंधूताई इंगळे, मेहकर तालुक्यातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पोरींनी मला आपसूक 'लहान्या बाई' करून टाकलं. आता त्यांना जाऊन दीड महिना होतोय. त्यांच्यावर दोन शब्द लिहा असं पेपरच्या पुरवणीच्या लोकांनी सांगितलं तेव्हा मी आठ दिवस टाळाटाळ केली. आठवणी ढीगभर आहेत, पण त्यांच्यावर लिहायचा अधिकार सगळ्यात कमी कोणाला असेल तर तो मला. बाईंच्या नावावर एक डाग आहे आणि तो डाग माझा आहे. त्या जिवंत असताना मी तो पुसायला हवा होता... पुसला नाही.

बाई काही प्रेमळ वगैरे दिसायच्या नाहीत. सुलतानपूरचं अस्सल गावरान बोलणं, तोंड फटकळ, चाल अशी की व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की दंगा जागच्या जागी बंद. जूनमध्ये नव्या पोरी आयांच्या नावानं रडायला लागल्या की त्या जवळबिवळ घेत नसत. "रड, रड. पोटभर रडून घे, मंग येनी घालतो तुही," म्हणायच्या आणि उवांची फणी घेऊन मागे बसायच्या. पोरगी रडत राहायची, बाई केस विंचरत राहायच्या. वेणी होईस्तोवर रडणं संपलेलं असायचं. पहिल्यांदा पाळी आलेली पोरगी संडासात लपून बसली की दाराबाहेर तासभर उभं राहणाऱ्याही त्याच. ऐंशी पोरींचं सगळं त्यांना ठाऊक असायचं, कोणाला दूध पचत नाही, कोण झोपेत चालते, कोणाचा बाप पितो.

आणि त्यांची एक रीत होती. पोरीला घरी न्यायला कोणीही आलं, सख्खा बाप असला तरी, बाई दोघांनाही आधी मेसमध्ये नेऊन जेवायला बसवायच्या. सही, शिक्का, रजिस्टर सगळं नंतर. पोरीच्या समोर एक लाकडी स्टूल ओढायचं, त्यावर बसायचं आणि तिच्या ताटाकडे बघत राहायचं. मी नवी होते, मला वाटलं पाहुणचार आहे. एकदा म्हटलं, "बाई, पोरीलाच सरळ विचारावं ना, जायचंय का म्हणून." तर म्हणाल्या, "तिले इचारून काय उपेग? ते नेणाऱ्याच्या तोंडाकडं पाह्यते अन् हो म्हणते. ताटाकडं पाह्यत जाय तू. जिले घरी जायाची घाई हाय, ते अर्धं टाकून उठते. जिले जायाचं नाई, ते भाकरीचे तुकडे करत बसते, ताट संपूच देत नाई." अशा एका पोरीच्या चुलत्याला त्यांनी माझ्यादेखत रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. तो आरडाओरडा करून गेला, आणि पोरगी आत येऊन दुसऱ्यांदा जेवली.

तो डाग लागला त्या दिवशी बाई मीटिंगसाठी बुलढाण्याला गेल्या होत्या. निघताना मला एवढंच म्हणाल्या होत्या, "कोणी आलं तं जेवू घालून सोडजो." अकराच्या सुमाराला नववीतल्या एका पोरीचा मामा आला. तिला इथे मनीषा म्हणते, खरं नाव लिहिणं बरं नाही. मामाचं नाव रजिस्टरला होतं, फोटो होता, कागदात खोट काढायला जागा नव्हती. आई दवाखान्यात आहे म्हणाला. जानेफळची गाडी स्टँडवर लागली आहे, चालली जाईल म्हणाला. आत स्वयंपाक अर्धा झालेला, कांताबाई भाकरी थापायला नुकत्याच बसलेल्या. मनीषा पिशवी घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "लहान्या बाई, मी जेऊन घेऊ?"

मी म्हटलं, "घरी जाऊन जेव. पळ, गाडी चुकेल."

बस, इतकंच. गेटातून बाहेर पडताना तिनं वळून पाहिलं, मी हात हलवला. हसूनसुद्धा हलवला असेल, देव जाणे. आपल्या वसतिगृहाची रीत ती पोरगी तीन वर्षं बघत होती. ताटावर बसलो की बाई आपल्याला बघतात, हे तिला माहीत होतं. चौदा वर्षांच्या लेकरानं तेवढ्यात जमेल तेवढं सांगितलं होतं मला, आणि मी तिला गाडी दाखवली.

सोमवारी परत यायचं ठरलं होतं, मनीषा आली नाही. घरचा फोन बंद. बाई स्वतः तिच्या गावी गेल्या तर घराला कुलूप. जालन्याच्या बाजूला कुठेतरी तिचं लग्न उरकलं होतं. आई ठणठणीत होती, मांडवात होती. बाईंनीच वरती कळवलं, पोलिसांत त्याच गेल्या, तरी पोरगी सासरीच राहिली, आणि मग चौकशी आमच्यावरच आली. पोरगी सोडली कोणी? रजिस्टरमधली नोंद माझ्या अक्षरातली होती, पण सोडणाऱ्याच्या सहीचा रकाना मी रिकामा ठेवला होता. संध्याकाळी सगळ्या सह्या बाईच करायच्या, तशी त्याही दिवशी परत आल्यावर केली होती. साहेबांसमोर बाई म्हणाल्या, "मी सोडली, मंग मीटिंगले गेली. माही सही हाय, पाह्या." मी बाजूला उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

बाहेर आल्यावर मी रडायला लागले तर माझ्यावरच खेकसल्या, "गप बस. तुही नोकरी पक्की नाई झाली अजून. नवरा अंथरुणाले खिळला, घरी दोन लेकरं. मले काय करतात ते करू दे." त्यांना काय केलं? त्यांचा पदभार काढून घेतला आणि तो दिला मला. ज्या खुर्चीवर त्या बावीस वर्षं बसल्या त्या खुर्चीवर मी, आणि बाई कोठीघर आणि मेसवर, माझ्या हाताखाली! लोक म्हणायचे, इंगळे बाईंनी पोरगी घालवली. बाजारात म्हणायचे, पालकसभेत म्हणायचे. बाई तांदूळ निवडत बसायच्या. मी ऑफिसात सह्या करायचे, आणि कोणी न्यायला आलं की त्या न सांगता उठून मेसमधलं स्टूल ओढायच्या. पोरी शेवटपर्यंत त्यांनाच मोठ्या बाई म्हणत. मला मॅडम म्हणायला लागल्या.

आज सांगते, उद्या सांगते करत सहा वर्षं गेली आणि बाई निवृत्त झाल्या. माझी नोकरी कधीच पक्की झाली होती, लेकरं मोठी झाली होती. मला एकही कारण उरलं नव्हतं, तरी मी बोलले नाही. नुसता भित्रेपणा, दुसरं काय. गेल्या दिवाळीनंतर सुलतानपूरला गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. बाई खाटेवर होत्या, निम्म्या झालेल्या. मी म्हटलं, "बाई, मी आता सगळं लिहून देते." त्यांनी डोळे मिटले. "काऊन? आता कोणाच्या पोटात भाकर पडनार हाय त्यानं?" आणि थोड्या वेळानं, "जेऊन जाय." मी जेवले. खाटेवरून त्या माझ्या ताटाकडे बघत होत्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुलतानपूरला घरापुढे मंडप होता. बुद्धवंदना झाली, चारजण बोलले, मला बोला म्हणाले तर मी मानेनंच नाही म्हटलं. पंगतीत माझ्या शेजारी पांढरी साडी नेसलेली एक बाई येऊन बसली, मांडीवर चार-पाच वर्षांची पोरगी. मी ओळखलंच नाही. ती म्हणाली, "लहान्या बाई, मी मनीषा."

तिच्याच बोलण्यातून हळूहळू कळलं, बाई दरवर्षी तिच्या सासरी जायच्या. तिला दहावीच्या परीक्षेला त्यांनीच बसवलं होतं, तिच्या नवऱ्याशी भांडून. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मनीषा, त्या दिवशी..." तिनं मला पुढे बोलू दिलं नाही.

"मले माहीत हाय ना. मी तुमालेच तं इचारलं होतं, जेऊन घेऊ का म्हणून." आवाज चढला नव्हता, लेकीला खीर भरवता भरवता बोलत होती. "पोलीस आले तवा मी सांगनार होती, लहान्या बाईनं सोडलं म्हणून. मोठ्या बाई म्हणल्या, तिचं नाव नको घेऊ. नाई घेतलं. पण ते बाईसाठी. तुमच्यासाठी नाई."

तिनं ताट संपवलं, लेकीचं तोंड पुसलं आणि उठून गेली. मी तिला थांब म्हणाले नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

म्हणून हे लिहिते आहे. मनीषाला त्या दिवशी मी सोडलं. सही बाईंची आहे, चूक माझी आहे. संस्थेलाही तसं पत्र दिलंय. माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत, काय व्हायचं ते होवो. बाईंना आता याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. हे लिहून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसंही वाटत नाही.

ते स्टूल मेसमध्ये आहे. एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, ती बाईंनीच घातलेली. परवा रविवारी आठवीतल्या एका पोरीला न्यायला तिचा बाप आला. कागद सगळे बरोबर होते. मी दोघांना जेवायला बसवलं. बापानं पाच मिनिटांत ताट चाटूनपुसून संपवलं आणि घड्याळ बघायला लागला. "मॅडम, गाडी चालली जाईल."

"जाऊ द्या," मी म्हटलं.

"याच्यानंतर दुसरी नाई ना पण!"

मला माहीत होतं. पोरगी खाली मान घालून भाकरीचे तुकडे करत होती, बारीक, आणखी बारीक. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.