शीळफाट्याचा सिंह

शीळफाट्याला सिंह बघायला निघालोय म्हटल्यावर नौपाड्यातला रिक्षावाला फिदीफिदी हसला. हसू दे. आमच्या ठाण्यात हौस म्हणजे मॉलच्या गारव्यात हिंडणं. हजारो वर्षांपूर्वीच्या वाघसिंहांचे अश्मीभूत सुळे जमवणारा इथे खुळाच ठरतो. त्यात पायाखाली सगळा काळा दगड, जन्मभर उकरला तरी दात सापडायचा नाही. म्हणून मी आणि माझा मित्र सदा, दोघांनी मिळून परदेशातून एक जोडी मागवली होती. गोठलेल्या जमिनीतून निघालेले, आता नामशेष झालेल्या गुहासिंहाचे एकाच जबड्यातले दोन सुळे. एक त्याचा, एक माझा. सदा गेला आणि त्याच्या दिवट्या मुलानं बापाचा सुळा शीळच्या एका शेठला विकला. मला तो हवा होता. निदान सिंहाची जोडी तरी एकत्र राहावी.

मुंब्रा बायपासवर ट्रेलर आडवा. धूळ खात बसलो. पुढे शेठचा बंगला ओळखायला वेळ लागला नाही, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते. सुळे शेंगदाण्याएवढे! घडवणाऱ्यानं आयुष्यात मांजरही नीट पाहिलं नसावं.

शेठच्या आजोबांची इथे भातशेती होती, आता टॉवर आहेत. माणूस अघळपघळ. कामाचं बोलूच देईना, आधी पानावर बसवलं. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण. कालवण फक्कड होतं, तेवढं कबूल करतो.

मग सून नातीला घेऊन आली. पोरीच्या गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात माझा सिंह! वरून भोक पाडलेला, सोन्याची टोपी चढवलेली. पोरीला दात येत होते आणि ती तो सुळा लाळ गाळत कराकरा चावत होती. पोरं घाबरू नयेत म्हणून गळ्यात वाघनख घालतात हे ठाऊक होतं, पण हे?

"सर, वाघनख घातलं त फॉरेस्टवाले दारात येतान," शेठ शांतपणे म्हणाले. "यो त कवाच मेलाय. याचा पंचनामा कोन करनार?"

त्यांची आई रोज त्यावर खोबरेलाचं बोटही फिरवते म्हणे. शास्त्राचा गळा घोटायचा तो असा! मी सुळा मागितला. शेठ म्हणाले, पोर त्याच्याशिवाय झोपत नाही. उलट, सुनेला पुन्हा दिवस गेलेत म्हणून माझाच मागायला लागले.

"पेटीत ठेवून त्याचा काय करताव?"

"जपतो," मी म्हणालो आणि उठलो.

परतीच्या रिक्षात सगळ्यांचा उद्धार केला. सदाच्या मुलाचा, भोक पाडणाऱ्या सोनाराचा, त्या तेलकट म्हातारीचा. गाढवाला गुळाची चव काय! घरी आल्यावर जिवाला बरं वाटावं म्हणून कपाटातली पेटी काढली. गणपतीपासून उघडलीच नव्हती. सारखा वारा लागू नये, हात लागू नये म्हणून.

कापसात माझा सुळा टोकापासून मुळापर्यंत उभा चिरला होता. कोरडा पडून. एक ढलपी सुटून बाजूला पडली होती.

पोरीच्या तोंडातला तो दुसरा कसा ओला, चकचकीत दिसत होता, तेच डोळ्यांसमोर येत राहिलं. मग उठलो आणि मोरीतल्या फळीवरून खोबरेलाची बाटली घेऊन आलो.