दणकट रक्ताची पोर

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पुढं सगळा जन्म शहापुरात साड्या विणायच्या मागावर.

नात सहा वर्षांची. धूळ लागली की तिची छाती घरघरायची. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. मुलगा रिपोर्ट घेऊन आला. "आप्पा, अँटीबॉडी लई वाढल्यात."

"मग चांगलंच की."

कोरोनात तेच ऐकलं होतं, अँटीबॉडी असली की माणूस तगतो. मुलगा म्हणाला, ही वेगळी, ॲलर्जीची. मी कट्ट्यावर जाऊन सांगितलं, आमच्या पोरीचं रक्त दणकट हाय. शेजारी म्हणाला, "मग तिलाच बसीव की मागावर." सगळे हसले. मीही.

सकाळ-संध्याकाळ तोंडातनं ओढायचा औषधाचा पंप द्यायचा होता. सून द्यायची. तिची आई आजारी पडली, ती निपाणीला गेली. शाळा होती म्हणून पोरगी घरीच राहिली. जाताना सून म्हणाली, "मामा, पंप तेवढा चुकवू नका." मी आठ दिवस तो कपाटावर ठेवला. दणकट पोरीला त्याची सवय कशाला लावायची? मुलगा कामावरनं आला की विचारायचा. दिला, म्हणायचो.

अमावास्येला आम्ही माग चालवत नाही. झाडून पुसून पूजा करतो. मी मागाखाली शिरून महिन्याची सुताची धूळ ओढत होतो, तेवढ्यात पोरगी शाळेतनं आली आणि तिथंच दप्तर टाकून बघत बसली. थोड्या वेळानं बघितलं तर खांदे वर-खाली होत होते. ओठ निळसर. "आज्जा," म्हणाली. पुढचं बोलता येईना.

रिक्षातनं दवाखान्यात नेली. वाफ दिली, ऑक्सिजन लावला. मुलगा कामावरनं थेट तिथं आला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, ह्या अँटीबॉडी साध्या धुळीलाच शत्रू समजतात. त्यानं श्वासाच्या नळ्या आवळतात. पंप रोज चालू आहे ना?"

"व्हय," मुलगा म्हणाला.

"न्हाय," मी म्हणालो. "आठ दिवस दिला न्हाय."

मुलगा उठून पोरीच्या खाटेकडं गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. बाकड्यावर बसून समोरच्या फरशीकडं बघत राहिलो. कुणीतरी चहा आणून दिला, तो प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या नर्सबाईंपुढं जाऊन उभा राहिलो. माझ्या सुनेहूनही त्या लहान असाव्यात, असं वाटलं. म्हणालो, पंप कसा द्यायचा ते मला दाखवा. त्यांनी दोनदा दाखवलं. मी तिसऱ्यांदा विचारलं.