बिडाच्या मशीनचा हार

आरमोरीत चौकटी करायच्या म्हटलं की मी या सुतारभाऊंकडेच जातो. ते बोलतात कमी, तेही लाकडावरची नजर न काढता. माझा चेहरा त्यांना आठवत असेल का, शंकाच आहे.

त्यांची लाकूड तासायची रंदा मशीन बिडाची, वडिलांच्याही आधीची. पट्टे बदलले, बेअरिंग बदलली, मोटर नव्यानं भरली, अंग तेच. शेजारी नागपूरहून आणलेली हलकी नवी मशीन आहे. तिच्यावर चहाचे कप असतात. "चालू केली का नाचते जी," ते सांगतात.

यंदा दसऱ्याला गेलो तेव्हा हत्यारांची पूजा चालली होती. करवत, पटाशी, नवी मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. झेंडूचा हार मात्र फक्त जुन्या मशीनला. हार घालणाऱ्या हाताला तर्जनी नव्हती. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं, "भाऊ, बोट कोणत्या मशीननं नेलं?"

"हिनंच."

"तरी हार हिलेच?"

"हिची काय चूक? हे आपल्या जागीच होती. मीच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून बोलून राह्यलो होतो."

मशीन बंद होती. तरी हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.