थेंब थांबला का?

फवारणीचा पंप पाठीवर घेण्याआधी मामा हळदीच्या पानावर पंपातले चार थेंब शिंपडायचे, गुडघ्यावर बसायचे आणि मान तिरकी करून पानाच्या कडेने बघायचे.

"थेंब थांबला का पळाला, ते बघा गुरुजी. बाकी समदं मागून." 'थांबला' असं स्वतः म्हणाले की मगच उठायचे.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचा कशावरच विश्वास नसतो, तरी कामाला सगळे त्यालाच बोलावतात. ताडकळसच्या आमच्या शिवारात फवारणी म्हटली की मामाच. औषधाच्या बाटलीचं झाकण ते दोनदा तपासत. वारा पडलाय असं मी सांगितलं, तरी स्वतः चिमूटभर माती सोडून बघत. पण सगळ्यात जास्त राग पानावर.

"हळदीचं पान लय लबाड हाय. अंगानं मेणचट. पाणी घेतल्यावानी करतंय आन बुडाला सोडून देतंय."

दर वेळी विचारायचे, "स्टिकर आणलं का?" औषध पानावर पसरून चिकटावं म्हणून पंपात टाकतात, ते.

"माझ्या रानात लागत नाही," मी ऐटीत सांगायचो. जन्मभर शाळेत शिकवलेलं, तेव्हा माहिती असो नसो, आवाजात खात्री असायचीच. आणि खरोखर, माझ्या हळदीवर औषध कसं सपाट पसरायचं! मामा मान हलवून पंप उचलत.

त्यांच्या संगतीत राहून मलाही शक घ्यायची सवय लागली. फक्त मी तो त्यांच्यावरच घेऊ लागलो. कमरेच्या उपरण्यात ते खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली लपवून आणत. माझं औषध त्यातून घरी जातंय, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती. एका सकाळी मी तुरीच्या आड दबून बसलो. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, बाटली काढली आणि तीच पंपात ओतू लागले. म्हणजे चोरी नव्हे, त्याहून वाईट!

मी धावत जाऊन अर्धी उरलेली बाटली हिसकावली. "काय कालवताय माझ्या पिकावर?"

मामांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. पानाकडे बघायचे तसंच. "शक आला का? मग ऱ्हाऊ द्या." पंप बांधावर ठेवून ते निघून गेले. तो भरलेला पंप मी तिथेच ओतून दिला.

त्या वर्षी पानांवर ठिपके पाडणारा करपा रोग जोरात होता. दुसऱ्या दिवशी मीच फवारलं. थेंब गोल गोल होऊन पानाच्या पन्हळीतून सरसर खाली घसरले. औषध मातीला मिळालं आणि करपा पानाला. आठ दिवसांत ठिपके दुप्पट झाले, हळद हातची जाणार असं दिसू लागलं.

तेव्हा कुठे पुरावा म्हणून जपलेली ती बाटली मी उघडली. हलवली तर फेस आला. वास ओळखीचा होता, लहानपणी आई डोकं धुवायची तो. रिठा! तांब्याभर पाण्यात थोडं टाकून पानावर शिंपडलं. थेंब पसरला आणि थांबला. 'माझ्या रानात लागत नाही' म्हणे! मला माझीच लाज वाटली.

बाटली घेऊन मामांच्या घरी गेलो. ते दारातच बसले होते.

"मामा, चुकलो. पण सांगायचं तरी होतंत."

"सांगितलं असतं तर टाकू दिलं असतं का? एक पान करपलं असतं तर म्हनला असता, रिठ्यानंच करपलं."

म्हटलंच असतं मी. मामांनी बाटली हुंगली आणि सगळी अंगणात ओतून दिली.

"आठ दिस तुमच्यापाशी व्हती. आता मला हिचा भरवसा न्हाई."

मामा आत गेले. बाटली तीनदा विसळली, मडक्यातलं ताजं रिठ्याचं पाणी गाळून भरलं आणि माझ्या हातात दिली.

"पीक वाचवा. मी न्हाई यायचा."

पीक वाचलं. मामा आले नाहीत. बाजारात दिसले की दुरून मान हलवत, तेवढंच. गेल्या पावसाळ्यात ते वारले.

आता पंप पाठीवर घेण्याआधी मीच त्यात रिठ्याचं पाणी घालतो, पानावर चार थेंब शिंपडतो आणि गुडघ्यावर बसून कडेने बघतो. थेंब थांबलेला दिसतो. तरी मी लगेच उठत नाही. 'थांबला' असं मामांनी म्हटल्याशिवाय माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा बसत नाही.