प्रेमलताबाईंचा चिंतन दिन

प्रेमलता केळुसकर ही बाई ताजीतवानी मी कधी पाहिलीच नाही. मालवणच्या एकाच शाळेत आम्ही शिकवत होतो आणि एकाच खोलीत राहत होतो, तेव्हा पाहायची संधी मला भरपूर होती. सकाळी उठायची तीच कालचं दमणं अंगावर घेऊन. चहा पिताना कपाकडे अशी बघत बसे, की तो उचलायलाही कुणीतरी माणूस ठेवायला हवा, असं वाटावं.

आमची मुलींची शाळा. मी गणित शिकवी, ती शिवण. शिवणाच्या बाईला काम कमी असतं असा शाळेच्या चालकांचा पक्का समज, म्हणून कवायत तिच्या गळ्यात पडली. कवायतीला शिट्टी लागते, शिट्टी तिच्याकडे आहेच, म्हणून गाईडच्या मुलीही तिच्याच गळ्यात. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. बरं, ती नाही म्हणणारी नव्हती. आई अंथरुणाला खिळलेली असताना तिनं आईचं केलं, धाकट्या भावाला, बाळाला, शिकवलं, त्याला मुंबईत नोकरीला चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

गाईड म्हणजे नक्की काय, हे त्या पन्नास-साठच्या सालांत आमच्या गावाला नीटसं कळलं नव्हतं. मुली निळा पोशाख करीत, गळ्यात रुमाल बांधीत, दोरीच्या गाठी मारायला शिकत, कुणाचा गुडघा फुटला तर पट्टी बांधायला धावत. जगातल्या सगळ्या गाईड एकमेकींच्या मैत्रिणी, असं त्यांनी मानायचं. त्यासाठी वर्षातला एक दिवस ठरलेला, बावीस फेब्रुवारी. त्याला म्हणत चिंतन दिन. त्या दिवशी देशोदेशीच्या मुली आपापल्या ठिकाणी उभ्या राहून एकमेकींची आठवण काढतात. आमच्या मुली शाळेमागच्या सुरूच्या झाडांत घोड्याच्या नालेसारख्या उभ्या राहायच्या आणि प्रेमा सांगायची, "डोळे मिटा. नॉर्वेतल्या मुलींना आठवा."

एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, त्यांका बघूक नाय, मगे आठवू कशी?"

मला हसू आवरेना. प्रेमा मात्र गंभीरपणे म्हणाली, "त्यांनाही थंडी वाजते. त्यांची आईही त्यांना ओरडते. तेवढं आठव."

घरी आल्यावर मी तिला छेडलं, "आणि तू गो? तू कोणाक आठवत होतंस?"

"पारूक," ती म्हणाली.

ही पारू, म्हणजे पार्वती, मूळची कुडाळची. रत्नागिरीला शिक्षिकेचं शिक्षण घेताना दोघी एका बाकावर बसत, गाईडचं शिक्षणही दोघींनी बरोबरच घेतलं. मग पारूला मसुऱ्यात आंगणेवाडीला दिली. मोठं खटलं, शेती, म्हशी, दीर-नणंदा. तिनं शाळेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. मालवणाहून मसुरं ते असं कितीसं लांब! पण पारूला घरातून निघता येईना आणि प्रेमाला रजा मिळेना. नॉर्वे जेवढी लांब तेवढंच मसुरं. लग्नानंतर दोघींची गाठ नाही ती नाहीच. मला या पारूचा राग येई, हे उघडच सांगते. तापात प्रेमाच्या कपाळावर घड्या मी ठेवायच्या आणि चिंतन पारूचं!

एका दिवाळीत बाळा मुंबईहून आला. बायकोला दिवस गेलेले, आधीची दोन लहान, तिला उठवत नव्हतं. बाळा म्हणाला, "ताई, मे महिन्यात तुका न्यावक येतंय. सोड ती नोकरी. किती दिवस राबतलंस? आता आराम कर."

आराम! आजारी भावजय, दोन पोरं, तिसरं येऊ घातलेलं, आणि खालच्या नळावरून माडीवर पाणी. हा आराम कसला, ते कळायला गणिताची बाई कशाला हवी? पण प्रेमा इतकी दमली होती, की त्या नुसत्या शब्दानंच तिचे डोळे भरून आले. ती जाणार, असं मला त्याच क्षणी वाटलं. बाळाला मात्र तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"काय ठरवलंस?" तो गेल्यावर मी विचारलं.

"पारूक इचारतलंय."

"आणि माका इचारूचा नाय?"

"तू 'जाव नको' म्हणतलंस," ती म्हणाली. "माका ठावक आसा."

खरंच होतं ते. मग मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. गावकरी पारध करतात, देवीला कौल लावतात, देवी कौल देईल तो दिवस. त्या साली देवीनं बावीस फेब्रुवारीचा कौल दिला. शाळेत मुलींनी नुसता गोंधळ घातला. सगळ्या जत्रेला जाणार, चिंतनाला उरणार कोण? प्रेमानं शिवणाचं यंत्र झाकलं. जगाची तारीख हलायची नाही आणि देवीचीही हलायची नाही. मग ती म्हणाली, "सुभद्रा, आपण पण जाऊया. पारू घराकच गावतली."

जत्रेच्या जादा गाडीनं आम्ही गेलो, पुढं पायी गेलो. प्रेमा वाटेत पारूला काय काय सांगायचं ते मनात लावत असणार. देवळाकडे माणसांचा पूर लोटला होता. आम्ही रांग सोडून आधी पारूचं घर गाठलं. तिच्या सासूबाई काशीबाई दारातच उभ्या होत्या. माणूस मोठं अगत्याचं.

"येवा, बसा. पाणी घेवा," त्या म्हणाल्या. "पण पार्वती काय तुमच्यावांगडा बोलाची नाय हां. आज मौन आसा मां!"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. जत्रेच्या दिवशी आंगणेवाडीच्या लेकी-सुना उपास धरून, तोंड मिटून देवीचा नैवेद्य रांधतात. ताटं देवळात जाईपर्यंत शब्द बोलायचा नाही, आणि सोवळं असल्यामुळं बाहेरच्या कुणी शिवायचंही नाही. मालवणात जन्मलेल्या आम्ही दोघी, लहानपणी इतक्या जत्रा केल्या, पण दर्शन घेतलं, गुळाचं खाजं बांधून घेतलं आणि परतलो. आत चुलीपाशी कोण असतं, कशी असते, याचा विचार कधी मनाला शिवला नव्हता. ताटं रात्री निघायची. आमची गाडी संध्याकाळची.

मागच्या पडवीत चुली पेटल्या होत्या. पाच-सहा बायका, कुणी भाजी चिरतेय, कुणी वड्यांचं पीठ मळतेय, आवाज फक्त भांड्यांचा. त्यांतली एक वाळकी, पुढचे केस पिकलेली बाई आम्हाला बघून थांबली. तिच्या हातातला गोळा तसाच राहिला. शेजारच्या जावेनं कोपरानं ढोसलं तेव्हा ती भानावर आली. मी मनात जी पारू रंगवली होती ती चांगली गुबगुबीत होती. ही तर प्रेमापेक्षाही दमलेली.

प्रेमा अंगणात, पडवीच्या पायरीशी बसली. मला वाटलं, ही आता रडेल नि उठेल. पण तिनं बोलायलाच सुरुवात केली. आईचं आजारपण, बाळाचं शिक्षण, शाळा, शिट्टी, रात्री ठणकणारे गुडघे, सगळं. इतक्या बायका ऐकतायत आणि एकही मध्ये तोंड घालत नाही, असा प्रकार कोकणात पुन्हा व्हायचा नाही! शेवटी ती म्हणाली, "बाळो माका मुंबयक बोलवता. मी खूप दमलंय गो, पारू. माका काय कळना नाय. जाव काय मी? तूच सांग."

पारूनं तिच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले. चूल फुरफुरत होती. प्रेमा वाट बघत राहिली. मग पाठ खांबाला लागली, मान कलली, आणि वाट बघता बघताच तिला झोप लागली.

दुपार कलली तसं ऊन अंगणात उतरलं आणि नेमकं प्रेमाच्या तोंडावर आलं. मी उठणार, तेवढ्यात पारू पडवीतून खाली आली. हातात आडाळो, म्हणजे आमची खोबरं खवायची विळी, आणि नारळाच्या वाट्यांची परडी. प्रेमाला शिवणार नाही एवढं अंतर ठेवून ती उन्हाच्या बाजूला बसली आणि खवू लागली. तिची सावली प्रेमाच्या तोंडावर पडली. ऊन सरकलं की ती आडाळो सरकवी. पोरं ओरडत आली, तर तिनं नुसता हात वर केला, पोरं आल्या पावली परत फिरली. तिच्या स्वतःच्या तोंडावर घामाच्या धारा लागल्या होत्या. पोटात सकाळपासून अन्न नाही.

गाडीची वेळ झाली. मी प्रेमाला उठवायला वाकले. पारूनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी गाडी सुटेल असं खुणांनी सांगू लागले, हातवारे करून करून दमले. ती मान हलवतच राहिली. मी मुकाट खाली बसले. गाडी गेली असेल, गेली. पारूवरचा माझा इतक्या वर्षांचा राग त्या अंगणात कधी विरघळला, ते मला कळलं नाही.

प्रेमा जागी झाली तेव्हा अंधारून आलं होतं. पारू पुन्हा चुलीपाशी गेली होती.

"पारू काय म्हणाली?" तिनं डोळे चोळत विचारलं.

"निजांदे म्हणाली."

"बोलली ती?"

"नाय. उन्हात बसली तुझ्यासाठी."

प्रेमा पदरात तोंड घालून इतकी रडली, की काशीबाई घाबरून बाहेर आल्या.

आम्ही त्यांच्याकडेच मुक्काम केला. सकाळी निघालो तर पारू पडवीत, रिकाम्या टोपांच्या शेजारी, जमिनीवर निजली होती. आता मौन सुटलं होतं. काशीबाई तिला हाक मारायला गेल्या, पण प्रेमानं त्यांचा हात धरला. "उठवू नकात, आये. निजांदे तिका." आणि इतक्या वर्षांनी भेटलेल्या त्या दोघी एक शब्द न बोलता पुन्हा लांब झाल्या. वाटेत मुंबईचं नाव प्रेमानं काढलं नाही. मीही काढलं नाही. माझी हिंमतच नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेनं चिंतन दिन केला. सगळ्या जगाचा होऊन गेला होता, मालवणचा राहिला होता. मुली नालेसारख्या उभ्या राहिल्या, डोळे मिटायच्या तयारीत. प्रेमा म्हणाली, "डोळे उघडेच ठेवा. आज अर्धी शाळा. घरी जा, आईच्या हातातलं काम घ्या आणि तिला दुपारभर निजू द्या. ती ओरडेल, मारायला धावेल. तरी निजू द्या."

मी कपाळावर हात मारला. आता गावच्या आया शाळेवर चालून येणार!

आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक आलीच. गोदूबाई, मासळी विकणारी. तिची मुलगी तुळसा आमच्याकडे गाईड होती. काखेत रिकामी पाटी, आवाज बंदरापर्यंत जाणारा. "खंय आसत त्या बाई?" शाळेचे चालक भाईसुद्धा कचेरीतून बाहेर आले.

"मीच ती," प्रेमा पुढं झाली.

"माझ्या चेडवान काल माझी पाटी ओढून घेतल्यान," गोदूबाई म्हणाली. "ता बाजारात जावन बसला, आणि माका म्हणता, 'आये, तू निज. बाईंनी सांगल्यानी.' बाळंतपणा सोडून मी दिवसाक पाठ टेकूक नाय कधी." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "निजलंय मी. दिवेलागणीपर्यंत निजलंय. परत कधी आसा तो दिवस?"

"फुडल्या वर्साक."

"वर्साक एकदाच?"

"एकदाच."

गोदूबाईनं पाटी या काखेतून त्या काखेत घेतली. "बरां. पण तेव्हा तुमीच आसतल्यात मां, बाय? दुसरी कोण इली, तर तिका ह्या सुचाचा नाय."

 प्रेमानं माझ्याकडे पाहिलं, मग गोदूबाईकडे.

"आसतलंय," ती म्हणाली.

दिवाळीपासून हा एकच प्रश्न माझ्या ओठांवर होता, आणि तो विचारायला गोदूबाईला पाटी घेऊन यावं लागलं.