टक्क्याच्या चिन्हापुढे

मुद्रणालयाच्या मागच्या खोलीत खुर्च्या चार आणि बसणाऱ्या एकट्या बाई. एक खुर्ची अण्णांची. ते निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. दुसरीवरच्याने नोकरी सोडली. तिसरीवर आता कागदांची थप्पी. बाई सकाळी आल्या की चारही खुर्च्या पुसत. मालकांनी एकदा विचारलंच, "बाई, पाहुणे येणारेत का कोणी?"

बाई नुसत्या हसल्या. रिकाम्या खुर्चीवर धूळ बसली की ती जास्तच रिकामी दिसते, हे मालकांना सांगून काय उपयोग?

काम अक्षरजुळणीचं. शिशाचे खिळे केव्हाच भंगारात गेले होते. आता संगणकावर आज्ञांच्या भाषेत मजकूर लिहायचा आणि यंत्राने त्याची पानं मांडायची. या भाषेत प्रत्येक चिन्हाला एक वर्ग असतो, शून्यापासून पंधरापर्यंत. अक्षरं अकराव्या वर्गात, उघडता महिरपी कंस पहिल्यात, मिटता दुसऱ्यात. टक्क्याचं चिन्ह चौदाव्यात. ते दिसलं की यंत्र त्या ओळीतलं पुढचं सगळं सोडून देतं, छापतच नाही. जुळारी तिथे स्वतःसाठी टिपणं ठेवतात, 'आकृती पुन्हा तपासणे' वगैरे. पण मेख अशी, की चिन्हाचा वर्ग बदलता येतो आणि बदलला तरी चिन्ह दिसतं तसंच. चोर आणि साव एकाच कपड्यात!

म्हणून काम शिकवताना अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चिन्ह कोणत्या वर्गाचं ते डोळ्यांना विचारू नकोस, यंत्राला विचार." तशी आज्ञाही होती. प्रूफ काढण्याआधी बाई यंत्राकडून सगळ्या चिन्हांच्या वर्गांची यादी छापून घेत आणि बोट ठेवून वाचत. बावीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

बाईंची लेक दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. आधी रोज फोन, मग दिवसाआड, मग रविवारी. अशाच एका रविवारी बाई म्हणाल्या, "जेवलीस का? दार नीट लावतेस ना? आणि तो खोकला?"

"आई, खोकला मार्चमध्ये होता गं! तुझ्या प्रत्येक वाक्याला एक काळजी लटकलेली असते. ऐकूनच दमायला होतं मला."

"बरं बाई, नाही विचारत."

आणि खरंच नाही विचारलं. पण फोन ठेवला म्हणून काळजी गप्प बसते होय? दुसऱ्या दिवशी एका परिच्छेदाखाली त्यांनी टक्क्याचं चिन्ह टाकलं आणि पुढे लिहिलं, 'आवाज बसला होता. विचारलं नाही.' कोणी वाचणार नव्हतं, कुठे छापलं जाणार नव्हतं. जरा हलकं वाटलं. मग सवयच जडली. कोणाच्या व्याकरणात, कोणाच्या भूमितीत बाईंची काळजी टक्क्याच्या आडोशाला बसून राहू लागली.

तेवढ्यात मास्तरांचं पुस्तक आलं. मास्तर म्हणजे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पाच खंडांचा ग्रंथ लिहिलेले.

"बाई, माणूस भारी काटेकोर आहे," मालक म्हणाले. "पहिल्या खंडाचं प्रूफ स्वच्छ गेलं तर उरलेले चारही आपल्याकडे. नाहीतर बाहेरच्या कंपनीला देणार. मग ही खोली मला बंद करावी लागेल. स्पष्टच सांगतो."

लेक गेल्यापासून बाईंना घर खायला उठत होतंच. ही खोलीही गेली तर दिवसाचं करायचं काय?

पुस्तकातले तक्ते टक्क्यांनी भरलेले. म्हणून प्रत्येक तक्त्याच्या आधी बाई टक्क्याला चौदाव्या वर्गातून काढून बाराव्यात, म्हणजे साध्या छापील चिन्हांत बसवत आणि तक्ता संपला की परत जागेवर नेत. शेवटचा तक्ता चौथ्या प्रकरणात. तो संपला आणि परत नेणारी ओळ लिहायची राहिली.

यादी छापली असती तर ते तिथल्या तिथे कळलं असतं. पण त्या संध्याकाळी ती छापणार तोच बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. लेकीचा फोन येऊन तीन आठवडे उलटले होते. बाई धावल्या, अण्णांच्या खुर्चीवर गुडघा आपटला.

"ताई, कुरियरवाला बोलतोय. खाली उभाय. शेवटची फेरी आहे, पटकन द्या."

त्यांनी घाईघाईत प्रूफ काढलं, पाकीट भरलं आणि देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मन चुकचुकत राहिलं म्हणून त्यांनी यादी छापली. टक्क्यासमोर बारा! कार्यालयाची प्रत उलटली. शेवटच्या तक्त्यानंतर अकरा ठिकाणी त्यांचं मन उघड्यावर पडलं होतं, पुस्तकाच्याच टाइपात, नीटनेटकं. पान त्र्याहत्तरवर साखरेच्या खपाच्या सरासरीखाली छापलं होतं, '% आज एकविसावा दिवस. फोन नाही. मीच करू का. नको, दमते ती.'

मास्तरांना कळवावं म्हणून त्यांनी दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. काय सांगायचं? साहेब, तेवढं सोडून वाचा? सहा दिवस त्या मालकांच्या पावलांचा कानोसा घेत बसल्या.

सातव्या दिवशी मालक स्वतः गठ्ठा घेऊन आले. "बाई, काय जादू केलीत? चारही खंड आपल्याकडे! फक्त एक निरोप आहे. पान त्र्याहत्तरवरच्या प्रश्नाचं उत्तर हवंय म्हणाले. कसला प्रश्न हो?"

"आकडेवारीतला आहे, साहेब."

"असेल बुवा. आपल्याला त्यातलं काय कळतंय!"

ते गेल्यावर बाईंनी दार लोटून घेतलं. मास्तरांनी अकराही ओळी लाल शाईने सरळ खोडल्या होत्या. कुठे शेरा नाही, ताशेरा नाही. पण खोडण्याआधी तपासल्या होत्या. एका ठिकाणी राहिलेला पूर्णविराम दिला होता. त्र्याहत्तरवर 'मीच करू का' पुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं. आणि समासात बारीक, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'मग आला का?'

शब्द तीनच होते, पण बाईंनी ते कितीदा वाचले कोण जाणे. घरी-दारी हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी कामाला हात घातला. टक्क्याला जागेवर नेलं, यादी छापली, बोट ठेवलं. चौदा. सवयीने त्र्याहत्तराव्या पानाच्या मजकुरात चिन्ह टाकून पुढे लिहिलं, 'नाही.' लिहिलं आणि लक्षात आलं, इथलं मास्तरांना कसं दिसणार? त्यांनी ते पुसून टाकलं.

दुसरं प्रूफ निघालं तेव्हा त्र्याहत्तरावं पान स्वच्छ होतं. बाईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि समासात लिहिलं, 'अजून नाही.' पूर्णविराम दिला. मग पाकीट बंद केलं.